साहेब मुंबईत, राग वडगावात

"वरचे लोक कंपनीची वाट लावताहेत, आम्हाला ते डोळ्यांनी दिसतंय, पण आमचं ऐकतो कोण? अशा ठिकाणी राहायचं की सोडायचं?" बेळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत नोकरीला असलेली खानापूरकडची मुलं सुट्टीत घरी आली की विचारतात, निपाणी-चिकोडीच्या बाजूला फिरणारे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, विचारतात. मी या रागाला आजार मानत नाही. तक्रार खरी असेल तर त्या माणसाला डोळे मिटून श्वास मोजायला लावणं मला पटत नाही. तक्रार ऐकायची, तपासायची, आणि मग राग कुठे सांडतोय ते बघायचं, अशी माझी पद्धत आहे.

सदानंद (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) एका औषध कंपनीत अठरा वर्षं आहेत. एमआर म्हणून लागले, आता एरिया मॅनेजर. हेडक्वार्टर बेळगाव, घर तिथल्याच वडगावात, हाताखाली तीन पोरं. निपाणीत मराठी, गोकाक-अथणीत कन्नड, दोन्हीकडे डॉक्टरांच्या घरचं माणूस असल्यासारखी ऊठबस. आधी फोन आला तो त्यांच्या पत्नीचा. "हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉप उघडून बसतात ओ मॅडम. काय बघता म्हटलं तर म्हणतात, सीईओचा पगार. दहावीतला पोरगा आता यांच्याबरोबर जेवायलाच बसत नाही."

सदानंद आले ते कंपनीचा वार्षिक अहवाल छापून घेऊनच. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला, प्रत्येक संचालकाचा पगार तिथल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार दरवर्षी जाहीर करावं लागतं. तो आकडा त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. नव्या सीईओने दोन डिव्हिजन एकत्र केल्या, माणसं कमी केली, उरलेल्यांचा एरिया वाढवला, टार्गेट वाढवलं. ऑनलाइन सभेत 'आपण सगळे एक परिवार' म्हणाले आणि प्रश्न विचारायची सोय बंद ठेवली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची नवी संहिता आणली. डॉक्टरांना भेटवस्तू नाही, सहली नाहीत, आणि हे पाळलं जातंय असं स्वयंघोषणापत्र कंपनीच्या प्रमुखाने दरवर्षी द्यायचं. "वर सही झाली, खाली टार्गेट तेच," सदानंद म्हणाले. "आणि बोर्ड? बोर्डाला निपाणी कुठं आहे हे तरी ठाऊक असेल काय?"

त्यांचं बरंचसं म्हणणं मला योग्य वाटलं आणि मी तसं सांगितलं. एवढी वर्षं देऊन एखाद्या आकड्यासारखी वागणूक मिळाली तर कोणाचंही रक्त उकळेल. पण ते बोलत असताना मला एक गोष्ट खटकत होती. सीईओच्या पगाराबद्दल ते न थांबता, जवळजवळ पाठ केल्यासारखं बोलत. निपाणीच्या स्टॉकिस्टचं, म्हणजे घाऊक औषध दुकानदाराचं, नाव आलं की मात्र गप्प होत, पाण्याचा ग्लास उचलत, विषय बदलत. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी विचारलं, "त्या दुकानदाराचं काय झालं?"

झालं होतं ते असं. मार्चअखेरीला प्रायमरी दाखवायची म्हणून वरून दट्ट्या आला. कंपनीने स्टॉकिस्टला विकलेला माल म्हणजे प्रायमरी. स्टॉकिस्टकडून मेडिकल दुकानांत गेलेला माल म्हणजे सेकंडरी. माल खरंच पुढे सरकला की नाही हे सेकंडरीवरून कळतं, पण तिमाहीचा आकडा प्रायमरीवर फुगवता येतो. सदानंदनी निपाणीच्या त्या जुन्या स्टॉकिस्टच्या गोदामात गरजेच्या कितीतरी पट माल उतरवला. "काका, नाही खपला तर मी परत घेतो," असा शब्द दिला. माल खपला नाही, एक्सपायरी जवळ आली, आणि तेवढ्यात कंपनीचं नवं परिपत्रक निघालं: एक्सपायरीचा माल ठरावीक मर्यादेपलीकडे परत घेतला जाणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्या माणसाने यांना दुकानात बसवून जेवू घातलं होतं, त्याच्यासमोर हे खोटे ठरले. त्यानंतर ते निपाणीला गेलेच नव्हते. टूर प्रोग्रॅममध्ये निपाणी लिहायचे आणि चिकोडीहून परत फिरायचे.

हे सांगताना ते रडले. सीईओचा पगार त्यांना डाचत होताच, ते खोटं नव्हतं. पण झोप उडवली होती या शरमेने. लांबच्या मोठ्या माणसावर चिडणं सोपं जातं, त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. निपाणीला जायचं तर त्या दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागतं.

आधी ते निपाणीला जाऊन आले. काका बोलले, बरंच बोलले. मग चहा मागवला.

त्यानंतर कागदाचं काम. मी वकील नाही, म्हणून ओळखीच्या एका कंपनी सेक्रेटरींकडून समजून घेतलं. त्याच कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत गैरप्रकार कळवण्याची व्यवस्था असावी लागते, आणि गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या, म्हणजे हिशोबावर नजर ठेवणाऱ्या बोर्डाच्या समितीच्या, अध्यक्षांपर्यंत जाता येतं. तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ नये अशी तरतूद त्यातच आहे. तरतूद आहे म्हणून त्रास होणारच नाही, असं मी त्यांना सांगितलं नाही. पगार जास्त आहे, साहेब माणसासारखे वागत नाहीत, या तक्रारी तिथे टिकणार नव्हत्या. न खपणारा माल ढकलून तिमाहीची विक्री फुगवणं हा मात्र हिशोबाचा, म्हणजे ऑडिट कमिटीच्याच अखत्यारीतला विषय. सदानंदनी पहिला मसुदा आणला त्यात चार पानं सीईओचा उद्धार होता. आम्ही त्याचं एक पान केलं: तारखा, बिलांचे नंबर, किती माल गेला, किती खपला, कोणाच्या ईमेलवरून काय सांगितलं गेलं. प्रती घरी ठेवल्या.

"पण याने वर फरक पडतो काय?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. रॅनबॅक्सीचं उदाहरण औषध धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. औषधांच्या चाचण्यांची माहिती बनावट असल्याचं या कंपनीतले अधिकारी दिनेश ठाकूर यांच्या लक्षात आलं. २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवलं. कंपनीने तिथे गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायला २०१३ उजाडलं. मधली आठ वर्षं त्या माणसाने आणि त्याच्या घराने काढली. मी सदानंदना हे सांगितलं ते हुरूप यावा म्हणून नव्हे. घरी दहावीचा मुलगा आणि घराचं कर्ज असताना आपण किती लांबची वाट धरतोय, हे आधी बघावं म्हणून. पगाराच्या बाबतीत हत्यार भागधारकांच्या हातात असतं. २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालकांची वाढीव पगारासह फेरनियुक्ती नामंजूर केली होती. पगाराची मर्यादा खाली आणल्यावरच ती पुढे मंजूर झाली. सदानंदकडे कंपनीचे थोडे शेअर होते. ई-मतदान करता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता ते मत देतात. त्या मताने पारडं फिरत नाही, पण रात्री अहवाल चाळत बसण्यापेक्षा ते बरं.

राजीनाम्याचं मात्र मी लांबवायला लावलं. सभेच्या रात्री, डोकं तापलेलं असताना राजीनामा पाठवू नये. आधी वहीत मांडा: घरखर्च किती महिने निघेल, हप्ता किती, नोटीस किती दिवसांची. ग्रॅच्युइटीचा हिशोब तर त्यांनी कधी केलाच नव्हता. प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. अठरा वर्षांचा म्हणजे साधारण दहा महिन्यांचा मूळ पगार. हा आकडा वहीत आला तसे त्यांचे खांदे जरा सैल झाले. सोडायचं झालं तर सोडता येईल, हे कळल्यावर लगेच सोडण्याची घाई उरली नाही.

एक गोष्ट त्यांना झोंबली, पण विचारणं भाग होतं. रात्री दहानंतर तुम्हाला वरून मेसेज येतात म्हणता. तुमच्याकडून ते कोणाला जातात? हाताखालच्या तिघांना. "आज क्लोजिंग किती?" असा फोन गोकाकच्या पोराला ते रात्री अकराला करत होते. ज्या वागणुकीबद्दल ते सीईओला शिव्या देत होते, ती बेळगावातून पुढे त्यांच्याच फोनवरून जात होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला पण वरून येतंय की ओ मॅडम." येतं, खरं आहे. पण ते जसंच्या तसं खाली ढकलायचं की आपल्यापाशी अडवायचं, एवढं तरी तुमच्या हातात आहे, असं मी म्हटलं. घरात मुलावर निघणारा रागही याच रांगेतला होता. मुलाशी कसं बोलायचं हे पत्नीने त्यांना माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

झोप महिनोन्‌महिने उडाली असेल, दारू वाढली असेल, जगणं नको वाटत असेल, तर या वहीवर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीत आणि कन्नडमध्येही.

ऑडिट कमिटीकडून पोच आली. काही महिन्यांनी निपाणीचा माल कंपनीने परत घेतला, सगळा नव्हे. उरलेल्याचा तोटा सदानंद आणि स्टॉकिस्ट यांनी मिळून सोसला. सीईओ आहेत तिथेच आहेत, आणि सदानंदचं त्यांच्याबद्दलचं मत तसूभरही बदललेलं नाही. मार्चअखेरीला किती माल उतरवायचा हे ते आता दुकानदाराला विचारून ठरवतात, आणि टार्गेट चुकलं तर का चुकलं ते ईमेलवर लिहून कळवतात. यंदाचा इन्सेंटिव्ह त्यामुळे बुडाला. कोल्हापूरच्या एका लहान कंपनीत त्यांचं बोलणं सुरू आहे, पगार थोडा कमी आहे. नवरा-बायकोने वही काढून हिशोब मांडलाय, आणि मुलाची परीक्षा झाल्यावर ठरवायचं असं त्यांनी ठरवलं आहे.