क्वार्टर्सचे साठ रोल: थांबायचं की बँकेत भरायचे?

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक लिहितात: "माझे मिस्टर 1999मध्ये इथे नोकरीला आले आणि त्याच वर्षी राज्यांची क्वार्टर्स, म्हणजे मागे एकेका राज्याचं चित्र असलेली पंचवीस सेंटची नाणी, निघायला लागली. 2008पर्यंत त्यांनी बँकेतून आणलेले 60 रोल (एकात 40 नाणी, म्हणजे दहा डॉलर) आणि 50 राज्यांचा एक अल्बम घरात आहे. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. भाव वाढेल म्हणून तोवर थांबू का? शिवाय सोन्याचा मुलामा दिलेला पूर्ण सेट 120 डॉलरला मिळतोय, तो घेऊ का?"

ताई, मुलाम्याचा सेट अजिबात घेऊ नका. टांकसाळीतून ही नाणी साधीच निघतात, मुलामा नंतर खासगी विक्रेते चढवतात. संग्राहकाच्या लेखी ते नाणं बिघडलेलं असतं. 50 नाण्यांचे साडेबारा डॉलर होतात, तेवढेच हाती येतील.

आता रोल. दहा वर्षांत ही नाणी अब्जावधींनी पाडली गेली, आणि तुमच्या मिस्टरांसारखे रोल लाखो घरांनी जपून ठेवले. जी वस्तू सगळ्यांनीच राखून ठेवली, तिला भाव कुठून येणार? वापरलेलं नाणं पंचवीस सेंटचंच. न फोडलेल्या रोलला दुकानदार विकताना दहाच्या वर लावतो, पण तुमच्याकडून घेताना दहाच्या आसपासच येतो. ऑनलाइन विकायचं तर वजन बघा: एक नाणं 5.67 ग्रॅमचं, म्हणजे 60 रोल साडेतेरा किलोंच्या वर. टपालखर्चातच वरकमाई संपते. आणि वाट बघणंही फुकट नसतं. 1999मध्ये ठेवलेल्या दहा डॉलरच्या रोलमध्ये आज तेव्हाच्या साधारण निम्माच बाजार येतो.

माझं मत स्पष्ट आहे. 600 डॉलर बँकेत भरा आणि मुलीच्या 529 खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, टाका. सुपरमार्केटमधल्या नाणी मोजणाऱ्या यंत्रात ओतू नका, तिथे कमिशन कापतात.

भरण्याआधी एक संध्याकाळ मात्र काढा. 2004चे विस्कॉन्सिनचे रोल वेगळे करा. वॉशिंग्टनच्या मानेमागे, केसांच्या शेपटाजवळ बारीक अक्षर असतं. ते 'डी' असेल तर ते नाणं डेन्व्हरचं. मग उलटं करून भिंगातून मक्याच्या कणसाची डावी बाजू बघा. तिथल्या पानाखाली आणखी एक पातळ पान दिसलं, वर कणसाकडे वळलेलं किंवा खाली कोरलेल्या चीजच्या चकतीकडे झुकलेलं, तर ते बाजूला ठेवा. संग्राहक त्याला खरोखर पैसे मोजतात, चांगल्या स्थितीत पन्नास डॉलरच्या पुढेही. फिलाडेल्फियाच्या 'पी' नाण्यांत हे शोधू नका. पूर्वेकडच्या बँकांत बहुतेक 'पी'च येत, तेव्हा फार आशाही धरू नका.

मिस्टरांनी टांकसाळीचे डबीबंद 'प्रूफ' सेट (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी) कधी मागवले होते का, तेही विचारा. त्यांवर 'एस' असतं. साध्या नाण्याच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ दिसते. ती रेघ नसून कड पांढरी असेल तर नाणं 90 टक्के चांदीचं, आणि ते बँकेत कदापि भरू नका.

अल्बमला मात्र हात लावू नका. त्यात फक्त साडेबारा डॉलर अडकलेत आणि एका माणसाची परक्या देशातली पहिली दहा वर्षं आहेत. मुलगी हॉस्टेलला निघेल तेव्हा तो तिला द्या. विस्कॉन्सिनचे रोल फोडायलाही तिलाच बसवा, बारीक पान बघायला तरुण डोळे बरे.