सोलापुरात वाढून निसर्गावर लिहिता येतं का? इथं जंगल कुठंय?

येतं की! मारुती चितमपल्ली 1932 साली सोलापुरातच जन्मले, पुढं वनखात्यात गेले आणि 2006च्या सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जंगल नाही हे खरं, पण माळ आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य तर माळढोक या पक्ष्यासाठीच राखलेलं. मी कैक वर्षं नान्नज-मार्डीच्या बाजूला वही घेऊन फिरतोय, त्यावरून सांगतो: माळ लांबून रिकामा वाटतो, उकिडवं बसलं की भरतो. उन्हाळ्यात टिटवी खडेमुरमातच चार अंडी घालते, निमुळती टोकं आत केलेली, रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. धाविक पक्षी चार पावलं पळतो, थबकतो, परत पळतो. लिहायला एवढं पुरतं. सुरुवातीला फक्त हे करा:
- तारीख, वेळ, जागा रोज टिपा.
- पाखराचं, गवताचं गावातलं नाव मेंढपाळाला विचारा. पुस्तकातलं नंतर.
- हिप्परग्याच्या तलावावर थंडीत जा, पाहुणे पक्षी बघायला.

एक मात्र आहे, नुसतं माळावर वाढल्यानं लिहिता येत नाही. चितमपल्लींच्या लिखाणामागं जंगलातली छत्तीसेक वर्षांची नोकरी होती. आणि माळढोक दिसेल या आशेनं नान्नजला जाणार असाल तर नका जाऊ, तो आता जवळपास दिसतच नाही. काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगाही.