टॉर्क म्हणजे पीळच की हो! (वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं)

मागच्या वेळी बोलता बोलता लिहून गेलो की टॉर्क हा शब्द (आजचा अर्थ, फिरवणारा जोर) इंजिनात शिरायच्या कितीतरी आधी माणसांच्या गळ्यात होता, आणि त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की आजचा सगळा लेख त्यालाच द्यावा लागतोय. माझी ओळख नवीन वाचकांसाठी एका ओळीत, आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवण्यात उमर गेली, शब्दांचा नाद रिटायर झाल्यावरचा.

प्रश्न : गळ्यात होता म्हणजे? मुलगी लंडनला असते, तिच्याबरोबर ब्रिटिश म्युझियम बघताना सोन्याचं एक जाडजूड कडं दिसलं, खाली टॉर्क लिहिलेलं, पण स्पेलिंग वेगळं. तोच का हा शब्द? (नाशिकच्या एक वाचक)

तोच. लॅटिनमध्ये तोर्क्वेरे म्हणजे पिळणे, आणि पिळून केलेला जो गळ्यातला दागिना तो तोर्क्वेस. इंग्रजीत दागिन्याच्या अर्थानं तो सतराव्या शतकाच्या शेवटी आला, म्हणजे इंजिनवाल्या अर्थाच्या चांगला दोनशे वर्षं आधी. पुराणवस्तूवाले शेवटी 'सी' लावून आखूड स्पेलिंग करतात आणि इंजिनियर लोक 'क्यू' लावतात, एवढाच काय तो फरक.

तुम्ही पाहिलंत ते बहुतेक स्नेटिशॅमचं असणार. इंग्लंडात नॉरफोकमध्ये १९५० साली शेत नांगरताना सापडलेलं, वजन एक किलोच्या वर, सोन्यात चांदी मिसळलेली. पुन्हा कधी गेलात तर काचेला नाक लावून बघा, आठ-आठ तारा पिळून एक दोर केलाय आणि असे आठ दोर परत एकमेकांत पिळलेत, म्हणजे चौसष्ट तारा. प्रत्येक तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. मी लेथवर आयुष्य काढलंय, पण इसवी सनाच्या आधी जवळपास पाऊणशे वर्षं कोणीतरी हे हातानं केलं आणि पीळ कुठेही कमी-जास्त नाही, हे बघून मला आपल्या कामाची लाज वाटते.

आपल्याकडे जवळचं काय म्हणाल तर पिळाच्या कामासाठी सोन्याचा गोफ आठवा, आणि गळ्याभोवती कडक बसणाऱ्या आकारासाठी जुन्या बायकांची सरी. 'तिनं केली सरी म्हणून हिनं घातली दोरी' म्हणतात ना, ती सरी. गंमत म्हणजे टॉर्कमध्ये सरी आणि दोरी दोन्ही एकातच आहेत.

हे घालायचे केल्टिक लोक, त्यांतल्याच काहींना रोमन गॉल म्हणायचे. रोमच्या कॅपिटोलिन म्युझियममध्ये मरणासन्न गॉलचा संगमरवरी पुतळा आहे, अंगावर धागा नाही पण गळ्यात टॉर्क आहे. आणि रोमन इतिहासकार लिवीनं दिलेली गोष्ट अशी की इ.स.पू. ३६१ मध्ये आनियो नदीच्या पुलावर एका धिप्पाड गॉलनं आव्हान दिलं, तितुस मानलिउस नावाचा रोमन तरुण पुढे झाला, त्यानं गॉलला मारलं आणि त्याच्या गळ्यातला रक्तानं भरलेला टॉर्क काढून आपल्या गळ्यात घातला, तेव्हापासून त्याचं नावच पडलं तोर्क्वातुस, टॉर्कवाला. पुढे ह्याच माणसानं हुकूम मोडून लढला म्हणून स्वतःच्या पोराचं डोकं उडवायला लावलं, तेव्हा फार कौतुक करू नका. नंतर रोमन सैन्यात पराक्रमाबद्दल टॉर्क द्यायची पद्धतच पडली, आपल्याकडे शौर्याबद्दल सोन्याचं कडं द्यायचे तसं.

प्रश्न : मग तो दागिना इंजिनात कसा गेला? (सांगली)

दागिना नाही गेला, क्रियापद गेलं. तरफेचं गणित आर्किमिडीजपासूनचं, पण त्या फिरवणाऱ्या जोराला इंग्रजीत एकशब्दी नाव नव्हतं, कोणी मोमेंट म्हणायचं कोणी कपल, कोणी आख्खं वाक्य लिहायचं. ग्लासगोचे इंजिनियरिंगचे प्राध्यापक जेम्स थॉमसन (लॉर्ड केल्विन यांचे थोरले भाऊ) यांनी टॉर्क सुचवला आणि १८८४ मध्ये तो छापून आला. त्याच साली सिल्व्हेनस थॉम्पसन यांच्या डायनामोवरच्या पुस्तकातही तो आला. ह्या दोघांची आडनावं बघून घोटाळा करू नका, एकात 'पी' आहे. डायनामो आणि मोटरचा जमाना सुरू झाला होता, सगळं फिरायला लागलं होतं, नाव लागणारच होतं. थॉम्पसन यांचं म्हणणं साधं होतं, सरळ ढकलतो तो फोर्स, तसा आसाभोवती पिळतो तो टॉर्क, एका गोष्टीला एक शब्द असू दे.

प्रश्न : मराठीत टॉर्कला नेमका शब्द कोणता? मी क्लास घेते, मुलं विचारतात. (कोल्हापूर)

छापील मराठीत परिबल आणि आघूर्ण असे शब्द भेटतात, परीक्षेत तेच लिहायला सांगा, मार्क त्यालाच आहेत. पण वर्गात समजावताना पीळ म्हणा. गॅरेजमधला पोऱ्या टार्क म्हणतो आणि त्याला तो हाताला कळतो, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

आणि पीळ हा शब्द किती लांब जातो बघा. लॅटिनच्या त्या क्रियापदापासून इंग्रजीत एक्स्टॉर्ट झाला, पिळून बाहेर काढणे, खंडणी. आपण काय म्हणतो? पिळवणूक. कोणी कोणाचं भाषांतर केलेलं नाही, ओलं फडकं पिळताना जे दिसतं ते दोन्हीकडच्या लोकांना सारखंच दिसलं. डिस्टॉर्ट म्हणजे पिळून वेडंवाकडं करणं, आपण शब्द पिरगाळणं म्हणतो. वकिलांचा टॉर्ट (ज्याची भरपाई मागता येते अशी आगळीक) म्हणजे मुळात 'वाकडं', वाकडं पाऊल पडलं म्हणतो त्यातलं वाकडं. मग आपले पीळदार दंड, पीळ दिलेल्या मिशा, कान पिळणे, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे तर टॉर्शन, म्हणजे दांड्याला पीळ बसणं, शिकवायला मी दरवर्षी वापरायचो, मुलं हसायची पण विसरायची नाहीत. फारसीतून आलेला पेच पण ह्याच घरातला, म्हणजे अर्थानं, रक्तानं नाही. पीचीदन म्हणजे पिळणे, गुंडाळणे, त्यातून पतंगाचा पेच, डावपेच आणि पेचप्रसंग.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर आलंय की टॉर्क हा संस्कृत 'तर्क' वरून चोरलेला शब्द आहे. खरं का? (पुणे, अर्थातच)

चोरी नाही हो. पण थांबा, फॉरवर्डमध्ये एक कण खरा आहे आणि तो कण भारी आहे.

संस्कृतात तर्कु असा शब्द आहे, अर्थ चाती, म्हणजे सूत कातताना जी पीळ देत फिरते ती. हा तर्कु आणि लॅटिनचा तोर्क्वेरे हे दोन्ही एकाच फार जुन्या धातूचे (शब्दाचं मूळ या अर्थी धातू), अर्थ तोच, पिळणे-फिरवणे. एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं नाही, चुलत भावंडं आहेत ती, आजी एक. आणि ह्या तर्कुच्या घरातली आपल्या रोजच्या ओळखीची पोर कोण, तर टकळी! गुजरातीत त्राक, हिंदीत तकली, मराठीत टकळी.

आमच्या शाळेत सूतकताई होती. पितळी चकती, मधोमध तार, वर आकडा, पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं टकळीला झटका द्यायचा. ती गरगरायला लागली की पीळ वर वर चढताना बोटांना कळायचा, कमी पडला तर धागा सुटून टकळी फरशीवर खण्णकन, जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच गाठी मारायचा. मी आयुष्यातला पहिला टॉर्क तिथे दिला, नाव मात्र दहा वर्षांनी कळलं. तोंडाची टकळी चालू आहे म्हणतो ती पण हीच, न थांबता फिरते म्हणून.

आता तर्क. काही भाषाशास्त्रज्ञ तोसुद्धा ह्याच धातूला जोडतात, मनात एखादी गोष्ट फिरवून फिरवून बघणे तो तर्क. मला पटतं, पण तर्कुइतकं ते पक्कं नाही. आणि शब्दांची मुळं शोधणाऱ्या प्राचीन यास्काचं तर तिसरंच, निरुक्त ह्या ग्रंथात तो म्हणतो की तर्कु हा कृत् म्हणजे कातणे ह्यातली अक्षरं उलटी होऊन झालेला शब्द. आज ती व्युत्पत्ती कोणी धरत नाही, पण दोन अडीच हजार वर्षांपूर्वी एक माणूस चातीच्या नावावर डोकं चालवत बसला होता ह्याचा मला फार आनंद होतो.

प्रश्न : बुलेटचा टॉर्क जबरदस्त म्हणतात. आकडा बघितला तर क्लासिक ३५० चा २७ न्यूटन मीटर. हा आकडा म्हणजे मोठा का? (औरंगाबादहून एक तरुण वाचक)

तुमचा हात त्याच्यापेक्षा जास्त देतो, चालेल? ३० सेंटीमीटरचा पाना घ्या, टोकाला १० किलो वजनाइतका जोर लावा, झाला ३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण २९ न्यूटन मीटर. पण तुम्ही तो पाना फार तर सेकंदाला एक फेरा फिरवाल, तेही दमेपर्यंत, आणि बुलेट तो २७ चा पीळ मिनिटाला ४००० फेऱ्यांना देते. पीळ गुणिले फिरण्याचा वेग ही पॉवर, तुमची झाली दोनशे वॅटच्या आत आणि तिची अकरा हजारांच्या वर. टॉर्क म्हणजे किती पिळतो, पॉवर म्हणजे किती भराभर पिळतो, बस. लोक बुलेटच्या टॉर्कचं कौतुक करतात ते आकड्यापेक्षा तो कमी फेऱ्यांना मिळतो म्हणून, घाटात गिअर न पाडता गाडी ओढते ना, ते.

हाताचा जोर कमी समजू नका ह्याचा पुरावा माझ्याच स्कूटरवर आहे. एका गॅरेजमध्ये प्लग बदलायला दिली, पोरानं लांब पाना लावून असा आवळला की हेडमधले आटे गेले. हेड अॅल्युमिनियमचं, प्लग पोलादी, कोण हरणार ते ठरलेलंच. बुश मारून नवे आटे पाडावे लागले. टॉर्क पाना त्यासाठीच असतो, ठरलेला पीळ बसला की कट् करून सांगतो, बास आता. तीस वर्षं पोरांना हे शिकवलं आणि स्वतःची गाडी देताना बाहेर चहा पीत उभा होतो.

प्रश्न : टॉर्च, टॉर्चर आणि तो स्पेनचा क्रूर टोर्केमादा हे सगळे ह्यातलेच का? (डोंबिवली)

पहिले दोन हो, तिसरा नाही. टॉर्च म्हणजे मुळात मेणात बुडवलेला पिळाचा पलिता, थोडक्यात आपला काकडा. काकडआरतीला चिंधी पिळून तुपात भिजवून पेटवतात ना, अगदी तेच. पीळ आणि आग दोन्ही जाऊन आता नुसती बॅटरी उरली, नाव राहिलं. टॉर्चर तर उघडच आहे, अंग पिळणे. त्याच्या जोडीला टॉरमेंट, तो तोर्मेन्तुम वरून आला. जनावरांच्या स्नायूंचे नाहीतर केसांचे दोर पिळून त्या पिळाच्या जोरावर दगड फेकणारं रोमन यंत्र म्हणजे तोर्मेन्तुम, आणि छळायच्या यंत्रालाही तेच नाव.

टोर्केमादा मात्र गावाचं नाव आहे, टोर्रे केमादा, म्हणजे जळका बुरूज. धर्माच्या नावाखाली माणसं जाळायला लावणाऱ्या ह्या बाबाची कामं बघून नाव शोभतं खरं, पण योगायोग.

प्रश्न : कुंडीत नॅस्टर्शियम लावलंय, केशरी फुलं छान आलीत. माळी म्हणाला ह्या नावात पण पिळणं आहे. काय संबंध? (पणजी)

माळी हुशार आहे, सोडू नका. लॅटिनमध्ये नासुस म्हणजे नाक आणि पुढे आपला तोर्क्वेरे, म्हणजे नाक मुरडायला लावणारं. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की नाकाला होणाऱ्या छळावरून हे नाव पडलं. पण तुमच्या कुंडीतलं झाड ते नव्हे, ते दक्षिण अमेरिकेतून नंतर युरोपात आलं, पानं चावली की तसंच झणझणतं म्हणून जुनं नाव त्याला चिकटलं. रोमनांचं मूळ नास्तुर्तियुम कोणतं, तर अभ्यासक साधारणपणे जे झाड दाखवतात ते म्हणजे आपला अळीव. कच्ची पानं खाऊन बघा, मोहरीसारखी नाकात चढतात. बी मात्र आपण बाळंतिणीला देतो, रात्री नारळाच्या पाण्यात भिजवायचं, सकाळी फुगून बुळबुळीत होतं, मग गूळ आणि खवलेलं खोबरं घालून मंद आचेवर आटवत ठेवायचं, लाडू वळेपर्यंत नाक मुरडण्यासारखं त्यात काही उरत नाही.