वाचकांचे प्रश्न : पावसाने अडवलेली चित्रमालिका

प्रश्न : स. न. वि. वि. मी मालवण तालुक्यात राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी बंदरावर मासे विकणाऱ्या एका आजीची चित्रमालिका मी हाताने काढून इंटरनेटवर देऊ लागले. दर रविवारी एक भाग असा नेम होता. शनिवारी रात्री दीड-दोन वाजेपर्यंत बसून का होईना, पण ६१ भाग मी तो पाळला. गेल्या जुलैत कपाटातील मूळ चित्रांना बुरशी लागली, त्याच आठवड्यात विजेच्या लपंडावात हार्ड डिस्क बंद पडली, आणि पुढे गणपतीला घर माणसांनी भरले. एक रविवार चुकला, मग दुसरा, आणि आता पाच महिने झाले. पुन्हा सुरुवात करावी का? केलीच तर वाचकांना काय तोंड दाखवू? कागद सोडून टॅबलेट घ्यावा, असे भाऊ म्हणतो. आपले मत काय?

उत्तर : आधी कपाटाकडे वळू, कारण नेमाचा विचार चार दिवसांनी केला तरी चालेल, बुरशी तेवढी वाट पाहणार नाही. बुरशी लागलेले कागद घरातील बाकीच्या कागदांपासून वेगळे करा. ते ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा, कारण ओल लागली की बुरशीचा डाग कागदाच्या तंतूंत शिरतो आणि मग तो निघत नाही. कागद सावलीत, हवेशीर जागी, सुटे सुटे पसरून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत आणि त्यानंतर अंगणात जाऊन, नाकातोंडाला मास्क बांधून, मऊ कुंचल्याने बुरशी अलगद झटकावी. उन्हात मात्र टाकू नयेत. काळी कार्बनची शाई ऊन सोसते, पण रंगीत स्केचपेन वापरले असेल तर ते रंग उन्हाने फिके पडतात.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. तशाने आत जे शिल्लक आहे तेही जाऊ शकते. तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, ती म्हणजे ६१ भाग आजही इंटरनेटवर आहेत. ते आजच उतरवून घ्या. मोबाईलसाठी दिलेल्या चित्रांची रुंदी बहुधा ८०० पिक्सेल असते, आणि छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात या हिशेबाने ती कागदावर जेमतेम पावणेसात सेंटीमीटर भरते. म्हणजे पुढेमागे पुस्तक काढायचे झाल्यास ही चित्रे पुरणार नाहीत, पण कथेतील कोणती घटना कधी घडली, आजीच्या टोपलीचा काठ कसा काढला होता, हे पाहण्यासाठी ती पुष्कळ झाली. झटकून स्वच्छ झालेली मूळ चित्रे मात्र ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, करड्या छटांत, पुन्हा स्कॅन करावीत. ए-फोर आकाराचे एक पान त्या हिशेबाने साडेतीन कोटी पिक्सेलच्या आसपास जाते, तरीही ६१ पानांना दोन जीबीपेक्षा फारशी जास्त जागा लागत नाही. तेव्हा एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक घाटापलीकडे राहणाऱ्या कोणा नातलगाकडे ठेवण्यास सबब उरत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आमच्या रत्नागिरीच्या घराची काही कौले उडाली आणि माळ्यावरील ट्रंकेत रात्रभर पाणी गळत राहिले. त्या ट्रंकेत शाई करून ठेवलेली माझी चाळीसएक पाने होती. सकाळी मी ती घाईने एकमेकांपासून सोलू लागले आणि पहिल्या सहा पानांची वरची कातडीच निघून आली. शेजारच्या काकूंनी हात धरून थांबवले. नंतर तो गठ्ठा तसाच ठेवून, पाने आपोआप सुटू लागली तशी मध्ये कोरे कागद घालत गेले, आणि त्यातील बरीचशी वाचली. त्या सहा पानांचा स्कॅन कुठेही नव्हता.

आता नेमाविषयी. तुमच्या पत्रातील ‘शनिवारी रात्री दीड-दोन वाजेपर्यंत’ हे शब्द मला बुरशीपेक्षा अधिक काळजीचे वाटले. याचा अर्थ असा की दोन वर्षांत तुमच्याकडे तयार भाग एकही शिल्लक नव्हता, आणि ताप आला असता किंवा पतसंस्थेत हिशेबतपासनीस येऊन बसले असते, तरी मालिका त्याच आठवड्यात थांबली असती. पाऊस निमित्त झाला, इतकेच. आपल्याकडे मृगाच्या आधी घरोघर आगोट भरतात. लाकूडफाटा, सुके मासे, कुळीथ, मीठ, कांदे हे सगळे घरात आले की मगच पाऊस पडो म्हणतात. चित्रमालिकेलाही अशीच आगोट लागते. किमान सहा भाग शाई, अक्षरे आणि स्कॅन यांसह पूर्ण तयार असल्याशिवाय सातवा भाग कोणाला दाखवू नये, आणि मधल्या अडचणीत त्यातील एखादा खर्च झालाच तर सवड मिळताच आधी तो भरून काढावा.

ती भरायची कधी, हे ठरवण्यासाठी एका भागाला तुमचा किती वेळ जातो ते घड्याळ लावून पाहा. माझे चार चौकटींचे पान असे होते : कच्चा आराखडा वीस मिनिटे, पेन्सिल दीड तास, शाई दीड तास, अक्षरे अर्धा तास, स्कॅन करून डाग साफ करणे चाळीस मिनिटे, एकूण साडेचार तास. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला साडेचार तास कार्तिक-मार्गशीर्षात निघतात. श्रावण-भाद्रपदात, चाकरमानी घरी आलेले असताना, ते निघणार नाहीत हे आधीच धरून चालावे. म्हणून नेम बांधताना सर्वांत अडचणीच्या महिन्याचा हिशेब धरावा. माझा सल्ला असा की दर रविवारऐवजी पंधरा दिवसांनी एक भाग द्यावा आणि जून-जुलै हे दोन महिने मालिका जाहीरपणे बंद ठेवावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. तुमच्या आजीचाही धंदा त्या दिवसांत थंडच असणार, तेव्हा ती सुट्टीवर गेली तर कथेतही ते शोभेल.

वाचकांची क्षमा मागणारे लांबलचक निवेदन लिहू नका. पाच महिन्यांचा खुलासा वाचण्यात कोणालाही रस नसतो. आजी कुठे गेली होती, यात मात्र सर्वांना असतो. पहिल्याच नव्या भागात ती बुरशी आलेली पिशवी उन्हात वाळत घालताना दाखवा आणि पुढे चला. आणखी एका सापळ्याची सूचना देऊन ठेवते : जुने भाग नजरेखालून घालताना पहिल्या दहा-बारा भागांतील हात आणि होड्या तुम्हाला कच्च्या वाटतील आणि ‘ते नव्याने काढून मगच पुढे जाऊ’ असे मन म्हणेल. त्याचे ऐकू नये. मी एकदा ऐकले, तर आठ महिने मागचेच काढत बसले आणि कथा एका चौकटीनेही पुढे सरकली नाही.

टॅबलेटबद्दल माझा विरोध नाही. त्याला बुरशी लागत नाही हे खरेच. पण तुमची मालिका तयार भाग नसल्यामुळे थांबली आणि ती उणीव टॅबलेट भरून काढणार नाही. शिवाय लाईट गेली असता कंदिलाच्या उजेडात शाई करता येते, ही कागदाची सोय आपल्या भागात कमी समजू नये. पावसाळ्यात शाई फुटते त्याचे कारण असे की कागदावरील खळीचा थर दमट हवेत सैल होतो आणि शाई तंतूंतून पसरते. त्यासाठी कोरे कागद घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि एका वेळी एकच बाहेर काढावा. पूर्वी कपाटात विजेचा दिवा लावून ठेवत; हल्लीच्या एलईडी दिव्यांना तेवढी ऊब नसते आणि जुन्या तापणाऱ्या दिव्यांची कागदाजवळ आगीची भीती असते, म्हणून ती युक्ती मी सुचवत नाही.

प्रश्न : मी दापोलीचा. माझी पात्रे मालवणी बोलतात, कारण माझे आजोळ कुडाळचे. अक्षरेही हातानेच लिहितो. पण मोबाईलवर ती वाचता येत नाहीत, असे मित्र सांगतात. संगणकाचा टंक वापरला तर चित्र आणि शब्द वेगवेगळ्या माणसांचे वाटतात. काय करावे?

उत्तर : मित्रांचे म्हणणे पट्टीने तपासता येते. ए-फोर पानाची रुंदी २१ सेंटीमीटर आणि मोबाईलच्या पडद्याची सात सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तुमचे चित्र तिथे एक-तृतीयांश होते. कागदावर सहा मिलिमीटरचे टपोरे वाटणारे अक्षर हातात दोन मिलिमीटरचे उरते. पान अर्धे करा : ए-फाइव्ह आकारात, चौकटी एकाखाली एक घेऊन काढल्यास तेच अक्षर जवळजवळ तीन मिलिमीटरचे दिसेल आणि डोळ्यांना ताण पडणार नाही.

दुसरी अडचण आपल्या लिपीची आहे आणि ती रोमन अक्षरांवरून शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. ‘मूर्तींच्या’ हा एकच शब्द लिहून पाहा. ‘मू’चा ऊकार ओळीच्या खाली उतरतो, तर ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे दाटीवाटीने बसतात. खालच्या ओळीत असाच शब्द आला की वरचा ऊकार आणि खालची वेलांटी एकमेकांत अडकतात. म्हणून दोन ओळींमध्ये निदान एका अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडावी आणि फुगा आधी काढून त्यात शब्द कोंबण्याऐवजी आधी अक्षरे लिहून मग त्यांभोवती फुगा ओढावा. शिरोरेखा पट्टीने आखण्याची आवश्यकता नाही. ती हाताने किंचित हलली तरच अक्षर चित्राच्या कुळातले वाटते.

राहिली मालवणी. ‘काय गो बाय, खंय चललंस?’ असे लिहिले की सावंतवाडीपासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत सर्वांना ते ऐकू येते. प्रत्येक उच्चाराला वेगळे चिन्ह शोधत बसाल तर मालवणी माणूससुद्धा अडखळेल. एकदा ‘खंय’ लिहिले की शेवटपर्यंत ‘खंय’च लिहा, एवढा नियम पुरे. जाता जाता आजोळच्या शेजारचा एक दाखला : कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात, त्या पोथीतील चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि त्यांवर संवाद लिहिलेले नसतात; चित्र समोर धरायचे आणि कथा तोंडाने सांगायची. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या मालिकेतही महिन्याला एखादा भाग शब्दांवाचून काढून पाहा. अक्षरांचा वेळ वाचतो आणि तो भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवता येतो.

प्रश्न : माझ्या मालिकेतील चार चौकटी माझी सही कापून व्हॉट्सॲपवर गावभर फिरत आहेत. संतापाने पेन हातात धरवत नाही. नोंदणी केली नसल्याने मला काही हक्क आहे का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : हक्क आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्र काढले त्या क्षणी त्याचा हक्क निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, मात्र पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपले नाव आपल्या कृतीशी जोडलेले राहावे, अशी मागणी करण्याचा अधिकार चित्रकाराला आहे. तारखा असलेली मूळ रेखाटने आणि कच्चे आराखडे जपून ठेवा, तेच तुमचे साक्षीदार.

व्यवहारात मात्र गावातील गटांवर वकिलाची नोटीस पाठवण्याने वेळ आणि पैसा दोन्ही जातात. ज्याने चित्र प्रथम पाठवले त्याचा माग लागत असेल तर त्याला शांतपणे नावासह मूळ चित्र पाठवा आणि तेच पुढे पाठवण्यास सांगा. बहुतेक जण ओशाळून तसे करतात. व्यापारी कामासाठी कोणी ते छापले असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वकिलाकडे जरूर जावे. आणि यापुढे सही कोपऱ्यात करू नका. ती होडीच्या फळीवर, दुकानाच्या पाटीवर, छत्रीच्या कापडावर अशी चित्राच्या आत शिरू द्या, म्हणजे कापायला गेलेल्याला निम्मी होडी कापावी लागेल.