अमेरिकेतल्या कॉलेजात स्विमिंग अँड डायव्हिंगची हेड कोच व्हायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की मुलगी राज्यस्तरावर पोहते, बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जाणार आहे आणि पुढे तिला तिथल्याच एखाद्या कॉलेजच्या स्विमिंग अँड डायव्हिंग संघाची हेड कोच व्हायचंय. हे करिअर असतं तरी कसं, आणि त्यात पोट भरतं का? मी पोहायला शिकलो ठाण्यात आणि सध्या ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात सहाय्यक कोच आहे. हेड कोचच्या शेजारी रोज उभा असतो, त्यामुळे जे दिसतं ते सांगतो.

आधी एक चित्र डोक्यातून काढायला हवं. आपल्याकडे कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक एकच असतात आणि त्यांच्याकडे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं असतं. पोहणाऱ्या मुलांचे खरे कोच क्लबचे, नाहीतर महापालिकेच्या तलावावरचे. अमेरिकेत कॉलेजचा हेड कोच हा फक्त त्या एका खेळासाठी नेमलेला पूर्णवेळ माणूस असतो. त्याचं बजेट वेगळं, सहाय्यक वेगळे, डायव्हिंगचा कोच वेगळा. आणि सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला शिट्टी घेऊन उभं राहणं हा त्याच्या दिवसातला सगळ्यात सोपा भाग.

अवघड भाग असा की दर चार वर्षांनी अख्खा संघ हातातून जातो. क्लबचा कोच एका मुलीला आठव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत घडवू शकतो. कॉलेजच्या कोचकडे मुलगी अठराव्या वर्षी येते, दुसऱ्या कुणीतरी शिकवलेले स्ट्रोक घेऊन, आणि बावीसाव्या वर्षी पदवी घेऊन निघून जाते. त्यामुळे यंदाचा संघ जिंकत असतानाच तीन वर्षांनंतरचा संघ शोधावा लागतो. याला इथे रिक्रूटिंग म्हणतात, आणि हेड कोचचा निम्म्याहून जास्त जीव त्यातच जातो. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेने कॉलेजांचे तीन विभाग, म्हणजे डिव्हिजन, केलेत. त्यातल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन एकमध्ये कोचला मुलांशी थेट बोलायला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून परवानगी मिळते. त्या दिवशी सकाळपासून देशभरातल्या कोचचे फोन सुरू होतात.

म्हणूनच हे करिअर समजून घ्यायचं तर माझ्या मते मायकेल फेल्प्सचे कोच बॉब बोमन यांच्याकडे नाही, केनयन कॉलेजकडे बघावं. ओहायोतलं गँबियर नावाचं खेडं, जेमतेम दीड-पावणेदोन हजार विद्यार्थी, डिव्हिजन तीन. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणजे कोचच्या हातात द्यायला पैसा नाही, फक्त शिक्षण आणि संघ. अशा ठिकाणी जिम स्टीन १९७०च्या दशकाच्या मध्यात आले. १९८० साली त्यांच्या पुरुष संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर २०१०पर्यंत एकही वर्ष सोडलं नाही. सलग ३१. एनसीएएच्या कुठल्याही खेळात एवढी लांब मालिका दुसरी नाही. मधल्या काळात त्यांच्या मुलींनीही १९८४ ते २००० अशी सलग १७ विजेतेपदं घेतली. २०१२मध्ये स्टीन निवृत्त झाले तेव्हा दोन्ही मिळून त्यांच्या नावावर ५० विजेतेपदं होती.

आता याचा हिशोब लावून बघा. २०१०च्या संघातली मुलं १९८०मध्ये जन्मलेलीसुद्धा नव्हती. संघ सात-आठ वेळा मुळापासून बदलला, शिष्यवृत्ती कधीच नव्हती, आणि तरी निकाल तोच. म्हणजे तिथे टिकलं ते एखाद्या पिढीचं कसब नव्हे. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना जे देत गेली ते टिकलं: प्रॅक्टिसला कसं यायचं, हंगामाच्या शेवटी सराव कमी करून शरीराला ताजं करायचा जो काळ असतो, ज्याला टेपर म्हणतात, त्यात धीर कसा धरायचा, रिलेत आपली जागा दुसऱ्याला गेली तर काठावर उभं राहून ओरडायचं कसं. सरावाचे सेट, म्हणजे रोज किती आणि कसं पोहायचं ते, ज्या वहीत लिहितात त्यात हे लिहिलेलं नसतं. हेड कोचचं काम हे आहे, आणि ते उभं राहायला दहा वर्षं सहज लागतात.

ही मालिका कुणी तोडली तेही ऐका, कारण या व्यवसायाची रीत त्यात दिसते. केनयनपासून तासाभराच्या आत डेनिसन नावाचं कॉलेज आहे. तिथले हेड कोच ग्रेग पॅरिनी स्वतः केनयनकडून, स्टीन यांच्याच हाताखाली पोहलेले. १९८७ पासून ते डेनिसनमध्ये होते. २०११च्या मार्चमध्ये डेनिसनने केनयनला हरवलं, ५००.५ विरुद्ध ४९९.५. एका गुणाने. (शर्यतीत बरोबरी झाली की दोघांत गुण वाटले जातात, म्हणून ते अर्धे.) ज्या माणसाने शिकवलं त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर उभं राहून चोवीस वर्षं दुसरा संघ बांधायचा आणि शेवटी एका गुणाने जिंकायचं! मला खेळातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या मोठ्या वाटतात.

त्या एका गुणावरून डायव्हिंगकडे येतो, कारण आपल्याकडचे पालक पदाच्या नावातला तो अर्धा भाग वाचतच नाहीत. कॉलेजच्या मीटमध्ये पोहण्याचे आणि डायव्हिंगचे गुण एकाच तक्त्यात पडतात. राष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक प्रकारात पहिल्याला २० गुण, दुसऱ्याला १७, आणि असं सोळाव्यापर्यंत. रिलेला याच्या दुप्पट. एक मीटर स्प्रिंगबोर्डवर पहिल्या आलेल्या मुलीचे २० आणि १६५० यार्ड पोहून पहिल्या आलेल्या मुलीचे २० सारखेच. हेड कोच बहुतेक वेळा पोहण्यातला असतो, डायव्हिंग त्याला स्वतःला शिकवता येत नाही. तरी डायव्हिंगचा कोच निवडायचा त्यानेच, आणि चार-पाच डायव्हरना आपण या संघात पाहुणे आहोत असं वाटू द्यायचं नाही हेही त्यानेच बघायचं. काही संघांत डायव्हरच्या फेऱ्या सुरू असताना पोहणारी मुलं कपडे बदलायला निघून जातात. तिथल्या हेड कोचबद्दल मला तेवढ्यावरूनच बरंच कळतं.

इंडियाना विद्यापीठात हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे. डॉक काउन्सिलमन १९५७ ते १९९० तिथे पोहण्याचे कोच होते. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक, नंतर डॉक्टरेट, आणि पाण्याखाली कॅमेरा लावून हात नेमका कसा फिरतो हे तपासणाऱ्या पहिल्या कोचपैकी एक. मार्क स्पिट्झ त्यांचाच विद्यार्थी. १९६८ ते १९७३ सलग सहा राष्ट्रीय विजेतेपदं. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकला ते अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य कोच होते आणि त्या संघाने १३ पैकी १२ सुवर्णं आणली. पण १९५९ पासून तीस वर्षं त्यांच्या शेजारी डायव्हिंगचे कोच होते होबी बिलिंग्जली, आणि आज ब्लूमिंग्टनमधल्या त्या तलावाच्या इमारतीला दोघांचीही नावं आहेत.

वाट कशी असते? साधारण अशी: चार वर्षं कॉलेजच्या संघात पोहायचं, मग ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून दोन वर्षं. त्यात मास्टर्सची फी माफ होते, थोडं विद्यावेतन मिळतं आणि त्या बदल्यात संघाचं पडेल ते काम. मग सहाय्यक, आणि मग कधीतरी हेड. चांगल्या सहाय्यकाची किंमत इथे लोक ओळखतात. टॉड डीसॉर्बो नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात सहाय्यक होते. २०१७मध्ये व्हर्जिनियाचे हेड कोच झाले आणि तिथल्या मुलींनी २०२१ ते २०२५ सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. एकदा जागा जमली की लोक आयुष्यभर राहतात. एडी रीस टेक्ससला १९७८ला आले आणि २०२४ला निवृत्त झाले, १५ विजेतेपदांसह.

पोट भरतं का? मोठ्या विद्यापीठाच्या हेड कोचचं उत्तम भरतं. छोट्या कॉलेजातल्या सहाय्यकाचं जेमतेम. उन्हाळी शिबिरं घ्यावी लागतात, कुठे तलावाचं वेळापत्रक आणि लाइफगार्डही सांभाळावे लागतात.

मला खरी काळजी पगाराची नाही, संघ बंद होण्याची वाटते. पोहण्याला तिकिटं विकली जात नाहीत. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या पैशांवर हा खेळ जगतो, आणि हिशोब बसेनासा झाला की पहिली कुऱ्हाड याच्यावर पडते. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाचा पुरुष संघ १९८२चा राष्ट्रीय विजेता होता, १९९४मध्ये तो बंद केला. मिशिगन स्टेटने २०२०मध्ये पुरुष आणि महिला दोन्ही संघ बंद करायचा निर्णय घेतला. त्यात आता ट्रान्सफर पोर्टल आलंय, म्हणजे मुलं मधल्या वर्षी सहज दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतात. डिव्हिजन एकमध्ये २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आणि शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघात किती जण असावेत याची मर्यादा आली. चार वर्षं मुलगी आपल्याकडे आहे हा कोचचा जुना भरवसा गेला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण केनयनसारखं काही उभं राहतं ते त्याच भरवशावर.

तुमच्या मुलीबद्दल माझं मत सांगतो. तिने मोठ्या नावांच्या मागे न लागता डिव्हिजन तीनचं चांगलं कॉलेज बघावं. तिथे सहाय्यक कमी असतात, त्यामुळे चौकस विद्यार्थिनीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच सेट लिहायला, वेळा मांडायला, भेटीला आलेल्या शाळकरी मुलांना कॉलेज दाखवायला मिळतं. विषय शरीरक्रियाशास्त्र किंवा मानसशास्त्र घेतला तर उत्तम. व्हिसाच्या बाबतीत एक बरी गोष्ट म्हणजे विद्यापीठं आणि कॉलेजं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक लॉटरीतून वगळलेली आहेत. तरी त्या वेळचे नियम त्या वेळी तपासावेच लागतील.

आणि जागांच्या जाहिराती वर्षभर सारख्या येत नाहीत. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा संपल्या की एप्रिल ते जुलै खुर्च्या हलतात: एक हेड कोच निवृत्त होतो, त्याच्या जागी दुसरीकडचा सहाय्यक जातो, आणि त्याची जागा रिकामी होते. ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागांसाठी तिने शेवटच्या वर्षाच्या जानेवारीतच कोचना ईमेल करायला सुरुवात करावी. आपल्या वेळा एका ओळीत, आणि संघासाठी काय काय काम केलंय ते सविस्तर. बहुतेक कोच स्वतः उत्तर देतात.