गाठी दिसल्या म्हणजे जिवाणूखत लागू पडलं का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून ते एकत्र घेतो.

प्रश्न: हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम हे जिवाणूखत चोळून पेरलं. रोपं उपटून पाहिली तर मुळांवर भरपूर गाठी होत्या. म्हणजे जिवाणूखताने काम केलं ना?

गाठी भरल्या ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या तुम्ही चोळलेल्या जिवाणूंमुळे आल्या, हे एवढ्यावरून ठरत नाही. ज्या रानात आधी हरभरा होऊन गेला आहे, तिथल्या मातीत हे जिवाणू बहुतेक वेळा मुळातच असतात. बियाण्याला काहीही न चोळता पेरलं तरी ते गाठी करतात. म्हणून खरा प्रश्न असा आहे, की त्याच रानात, त्याच दिवशी, न चोळलेलं बियाणं पेरलं असतं तर किती गाठी आल्या असत्या? याचं उत्तर फक्त बिनउपचार पट्टा देतो. विज्ञानात त्यालाच नियंत्रण गट म्हणतात, आपण कंट्रोल प्लॉट म्हणतो.

हा पट्टा सोडतानाही काळजी लागते. जिवाणूखत गुळाच्या पाण्यातून लावत असाल, तर बिनउपचार बियाण्यालाही तेवढंच गुळाचं पाणी लावा, फक्त त्यात जिवाणू नकोत. आणि पेरणी आधी बिनउपचार बियाण्याची करा. उलट केलंत तर पाभरीला आणि हाताला लागलेले जिवाणू त्या बियाण्यावर जातात आणि तुलनाच बाद होते. इतकी छोटी गोष्ट, पण पुष्कळ प्रात्यक्षिकं इथेच फसतात.

पीक पाच-सहा आठवड्यांचं झालं की दोन्ही पट्ट्यांतली सारखीच रोपं काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. खुरप्याने ढेकळासकट खणा, मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती हवेतला नत्र धरते आहे. तो रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन नावाच्या लाल द्रव्याचा. पांढरट किंवा हिरवट गाठी कितीही असल्या तरी त्या नत्र धरण्याच्या कामाच्या नाहीत. नुसत्या गाठी मोजण्यापेक्षा गुलाबी गाठी मोजा.

प्रश्न: अर्ध्या रानात जिवाणूखत लावलेला नवा वाण पेरला, अर्ध्यात जुना वाण तसाच. नवा भाग पाटाच्या तोंडाशी होता. तिथे उतारा जास्त आला. श्रेय कशाला द्यायचं?

कशालाच देता येणार नाही. इथे वाण, जिवाणूखत आणि पाणी अशा तीन गोष्टी एकदम बदलल्या. प्रयोगात मुद्दाम बदलायचा घटक एकच ठेवायचा, त्याला स्वतंत्र चल म्हणतात. ज्याचं मोजमाप घ्यायचं तो अवलंबी चल, तुमच्या बाबतीत दाण्याचं वजन. पेरणीची तारीख, ओळीतलं अंतर, खत, पाणी, निंदणी हे बाकी सगळं दोन्हीकडे सारखं हवं.

वाण आणि जिवाणूखत दोन्ही तपासायचं असेल तर चार पट्टे करा: जुना वाण साधा, जुना वाण जिवाणूखतासह, नवा साधा, नवा जिवाणूखतासह. मग कोणाचा वाटा किती ते वेगळं काढता येतं.

प्रश्न: यंदा सगळ्या पिकावर नवं टॉनिक फवारलं. उतारा गेल्या वर्षीपेक्षा वाढला. पुढच्या वर्षी परत घ्यावं का?

गेलं वर्ष म्हणजे नियंत्रण गट नव्हे. पाऊस, थंडी, कीड, पेरणीची वेळ सगळंच वेगळं होतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतात गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे, आणि त्यात एक पट्टा असा आहे ज्याला तेव्हापासून शेणखत नाही की रासायनिक खत नाही. इतकी वर्षं तो उपाशी ठेवला म्हणूनच बाकीच्या पट्ट्यांत खताने किती भर घातली आणि हंगामाने किती, हे कळतं. त्या पट्ट्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

टॉनिकचा कंट्रोल करताना नुसतं साधं पाणी फवारा, तेही तेवढंच आणि त्याच वेळी. कोरड्या दिवसांत पानावर पडलेल्या पाण्याचाही पिकाला थोडाफार उपयोग होतो. तो टॉनिकच्या खाती जमा व्हायला नको.

आता एकच पट्टा पुरेल का? नाही. रान कुठेच एकसारखं नसतं. म्हणून लगतच्या दोन-दोन पट्ट्यांच्या सहा जोड्या करा. पट्टे उताराच्या दिशेने लांब काढा, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वरची हलकी आणि खालची भारी, दोन्ही माती मिळेल. जोडीतल्या कोणत्या पट्ट्याला टॉनिक, हे नाणं उडवून ठरवा. आपण स्वतः ठरवलं तर नकळत चांगला पट्टा टॉनिकला जातो. चिठ्ठ्या टाकून वाटणी करण्याची ही रीत शेती-प्रयोगांत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी रुजवली. ते 1919 मध्ये याच रोथॅमस्टेडला रुजू झाले होते.

टॉनिकमध्ये काहीच दम नसेल, तरी दोन जोड्यांत दोन्ही वेळा तेच वरचढ दिसण्याची शक्यता चारात एक असते. सहाही जोड्यांत तसं दिसण्याची शक्यता मात्र 64 मध्ये एकच. सहा जोड्यांचा आग्रह धरतो तो यासाठी.

कापणीला प्रत्येक पट्ट्याच्या कडेच्या दोन-दोन ओळी सोडून द्या. कडेच्या झाडाला ऊन आणि ओल जास्त मिळते, शिवाय शेजारची फवारणी उडून आलेली असते. मधल्या भागाचं सारखंच क्षेत्र मोजून कापा, 33 बाय 33 फूट घेतलं तर बरोबर एक गुंठा होतो. दाणे सारखे वाळवून मग तोला. पोत्यांवर नुसते क्रमांक घाला आणि कोणता क्रमांक टॉनिकचा, हे काटा धरणाऱ्याला वजनं वहीत उतरेपर्यंत सांगू नका.