ब्रेक-इव्हन शिकवताय? सूत्र शेवटी सांगा

ब्रेक-इव्हन म्हणजे किती कामं केली की ना नफा ना तोटा, तो आकडा. पहिल्यांदाच शिकवताय ना, मग पहिल्या तासाला सूत्र फळ्यावर लिहूच नका. एकच सेवा घ्या, सायकल दुरुस्ती म्हणा, आणि खर्चाची यादी मुलांकडूनच काढून घ्या. भाडं, वीज, फोन सगळं येतं. मालकाचा स्वतःचा पगार मात्र हमखास राहतो. माझ्या वर्गात दरवर्षी राहतो! राहू द्या, आणि मग विचारा, "हा माणूस खाणार काय?"

आता आकडे. पगार धरून महिन्याचा स्थिर खर्च (काम येवो न येवो, होणारच असा) 12,000 रुपये, एका कामाचा दर 200, त्याला लागणारं सामान 50. प्रत्येक कामामागे 150 उरतात, म्हणजे 12,000 भागिले 150, 80 कामांवर ना नफा ना तोटा. बरेच जण इथेच थांबतात. तुम्ही कामाचा दर 10 टक्क्यांनी उतरवून 180 करून दाखवा: उरतात 130, कामं लागतात 93. सवलत महाग का पडते, ते मुलांना इथे कळतं.

नव्या शिक्षकांच्या नेहमीच्या चुका:
- तेवढी कामं महिन्यात हातून होतील का, हे न तपासणं. रिकामा गेलेला तास उद्यासाठी साठवता येत नाही.
- खर्चावर ठरावीक टक्के चढवले की दर ठरला, असं सांगणं. खर्चावरून दराचा फक्त तळ कळतो. गिऱ्हाईक किती देईल, हा वेगळा प्रश्न.

आलेख, अनेक सेवांचं मिश्रण वगैरे सध्या बाजूला. "दोन सेवा असल्या तर?" असं एखादा विचारेलच, तेव्हा बघा.